आमचा अजय टीमचं नाक आहे

आपण दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे खिडकीला प्लॅस्टिक लावलं. शनिवारची सकाळ होती. आपला शरद आणि सून मीना सामान आणायला गेले होते. दरवर्षी थंडी पडायला लागली की आपल्या खोलीच्या खिडकीला आतून तो पातळ कागद लावायचा, चारी कडांना चिकटपट्टी मारायची आणि मग केस वाळवायचं मशीन त्याच्यावरनं फिरवायचं. गरम हवेनं कागद ताणून बसतो आणि फटीतला वारा बंद होतो. पट्टी मी लावायची, मशीन तू फिरवायचं. ते मशीन तू माझ्या हातात कधी दिलं नाहीस. "तुम्ही भोक पाडाल," म्हणायचीस.

मशीन घोंघावत होतं आणि आपण भांडत होतो. भांडण नवीन नव्हतं. आपल्या नातवाचा, अजयचा गुडघा. कॉलेजच्या फुटबॉल टीमची शेवटची मॅच आठवड्यावर आली होती आणि त्याच्या गुडघ्यातली गादी फाटलेली. डॉक्टर म्हणाला होता, पट्टा आवळून, सुई टोचून एक मॅच खेळता येईल, पण पुढं गुडघा कामाचा राहील का ते मी सांगणार नाही. कोच म्हणाला होता, आठवडाभर घरी जाऊन विचार कर, तुझं तू ठरव, शुक्रवारी सकाळी मी घरी फोन करतो तेव्हा सांग. तू म्हणत होतीस, खेळू दे. मी म्हणत होतो, बास झालं. मधेच तू माझ्याकडं पाठ करून काहीतरी बोललीस. मशीनच्या आवाजात मला ऐकू आलं नाही. मी म्हटलं, "काय?" तू म्हणालीस, "काही नाही. पट्टी नीट दाबा."

संध्याकाळी तुझ्या छातीत कळ आली. त्याच्या पुढचं मी लिहिणार नाही. दवाखान्यात सगळं इंग्रजीत चाललं होतं, मला त्यातलं काही कळलं नाही, आणि कळलं असतं तरी इथं लिहिलं नसतं.

मीना म्हणाली, "आबा, मराठी मंडळाच्या अंकात आईंवर तुम्हीच काहीतरी लिहा." सून असून तुझ्यासाठी लेकीसारखी रडली ती, तिला नाही कसं म्हणू? तुझं जन्मगाव, लग्नाचं साल, अमेरिकेत कधी आलीस, हे सगळं तिनं विचारून घेतलंय. ते ती वेगळं छापू दे. मी चौथी शिकलेला माणूस, मला लेख कसा असतो ते माहीत नाही. माझं तुझ्याशी भांडण अर्धं राहिलंय. तेवढं बोलून घेतो.

आपण इथं अमेरिकेत, नोव्हायला आलो ते अजयला सांभाळायला. तो तेव्हा तिसरीत होता. शरद गाड्यांच्या कारखान्यात इंजिनीअर, मीना बँकेत, पोरगं दुपारी शाळेतनं रिकाम्या घरात येणार. म्हणून आपल्याला बोलावलं. सांगलीच्या मार्केट यार्डात उभा जन्म मी हळदीची पोती वाहिली. चार माणसांत ओरडल्याशिवाय माझा दिवस जात नव्हता. इथं घराला कुलूपसुद्धा नसायचं, पण जायचं कुठं? गाडी चालवता येत नाही, बोलता येत नाही, चार महिने बर्फ. शरद म्हणायचा, "आबा, वॉक घेऊन या की जरा." एकदा घेतला वॉक. घरं सगळी एका साच्यातली, मी दुसऱ्याच्याच दाराची घंटी वाजवत उभा. आत एक गोरी म्हातारी, ती तिकडनं विचारतेय, मी इकडनं ओरडतोय, "शरद, दार उघड!" शेवटी तिनं मला गाडीत बसवून घरी आणून सोडलं. आपलं घर तिच्यापासनं चार घरं पलीकडं होतं. तू दारात उभी राहून इतकी हसलीस की तिला वाटलं तुला काही झटका बिटका आला.

पण तू घरात बसून माझ्यासारखी कुढली नाहीस. तुला अजय होता. जाडजूड पोरगं, शाळेत एकही मित्र नाही. डबा उघडला की शेजारची पोरं नाक दाबायची, लसणाच्या चटणीचा वास म्हणून. घरी येऊन तो स्वयंपाकघरात तुझ्यापाशी बसायचा आणि खायचा. तू वाढतेस, तो खातोय. तू मराठीत विचारतेस, तो इंग्रजीत उत्तर देतोय. मी म्हणायचो, "अगं किती घालशील, फुटेल तो." तू म्हणायचीस, "त्याला दुसरं कोण विचारतंय?"

मग नववीत शाळेच्या कोचनं त्याला व्हरांड्यात चालताना बघितला आणि म्हणाला, तू संध्याकाळी मैदानावर ये. इथला फुटबॉल म्हणजे चेंडू हातात घेऊन पळायचं आणि अंगावर अंग घालून अडवायचं. तिथनं पुढं सगळं बदललं. तो मोठे खांदे घातलेला, लोखंडी जाळीचं टोपडं काखेत धरलेला घरी आला तेव्हा तू आधी घाबरलीस. मग विचारलंस, "कुठल्या जागेवर उभं करतात रे तुला?"

"नोज, आज्जी." त्यानं नाकावर बोट ठेवून दाखवलं. "त्यांच्या लाइनचा मिडलवाला आहे ना, मी एकदम त्याच्या नोजवर. नाकावर."

तू अर्धंच ऐकलंस. मंडळाच्या गणपतीला सगळ्या बायकांत सांगून आलीस, "आमचा अजय टीमचं नाक आहे." एक डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "म्हणजे कॅप्टन का हो, काकू?" तू म्हणालीस, "कॅप्टन काय, दरवर्षी बदलत असतील. नाक एकच असतं."

आणि ते पोतं. समोरच्या टीमचा चेंडू फेकणारा जो असतो, त्यानं चेंडू फेकायच्या आधीच त्याला धरून आडवा केला तर त्याला सॅक म्हणतात. तू विचारलंस, सॅक म्हणजे काय. अजयला मराठी येतं ते आपल्यामुळं, आणि आपलं मराठी म्हणजे माझ्या हमालीच्या गोष्टी. त्यानं बराच विचार केला आणि सांगितलं, "सॅक म्हणजे... पोतं." झालं. त्या दिवसापासून आपल्या घरात पोती पडायला लागली. शुक्रवारी संध्याकाळी शाळेच्या मैदानावर तू नऊवारीवर शरदचा जुना कोट घालून, डोक्याला लोकरीची टोपी घालून बसायचीस आणि ओरडायचीस, "पाड पोतं! अजय, पाड पोतं!" पुढं पुढं शेजारच्या गोऱ्या आया पण ओरडायला लागल्या, "पोटा! पोटा!" त्यांना वाटायचं हा काही मंत्र आहे.

मला तो शब्द कधी आवडला नाही. का आवडत नाही ते तुला माहीत होतं, तरी तू मुद्दाम माझ्यासमोर म्हणायचीस. पोती मी उचलली ती शरदला उचलायला लागू नयेत म्हणून. माझी कंबर गेली, मानेचा मणका बसला, तेव्हा कुठं तो खुर्चीवर बसला. आणि त्याच्या पोरानं हौसेनं वाकायचं? पहिल्या मॅचला मी त्याला मैदानावर बघितला. एक हात जमिनीला टेकलेला, ढुंगण वर, मान पुढं. पाठीवर पोतं घ्यायच्या आधी हमाल असाच वाकतो. मी तुला तिथंच सांगितलं, "मला हे बघवत नाही." तू मैदानावरची नजर न काढता म्हणालीस, "अहो, त्याच्या पाठीवर कोण काय ठेवतंय? तो स्वतः उठतो बघा."

खरं म्हणजे तो खेळ आपल्या घरात तुला एकटीलाच कळला. शरदला नियम पाठ होते. पण शरद बघायचा चेंडूकडं, सगळे बघायचे चेंडूकडं. तू चेंडूकडं कधी बघितलंच नाहीस. मॅच कोण जिंकलं हे तुला गाडीत बसल्यावर विचारायला लागायचं. तू बघायचीस नुसतं अजयकडं, आणि म्हणून तुला दिसलं की दर वेळी त्याच्या अंगावर दोघं येतात. एकाला तो आवरत नाही. दोघं त्याला ढकलतात, हा पाय रोवून तिथंच उभा, आणि तेवढ्यात मागचा एखादा सडपातळ पोरगा मोकळा सुटून जातो आणि ज्याच्या हातात चेंडू त्याला लोळवतो. टाळ्या त्या पोराला. मी म्हणायचो, "मग ह्याला काय मिळालं?"

एकदा मॅचवरनं परतताना गाडीत तू वैतागून म्हणालीस, "आपल्याला काय मिळतं? आपण इथं अडकून पडलो म्हणून ती दोघं कामाला मोकळी झाली ना? मी कुठं टाळ्या मागते?"

मीना पुढच्या सीटवर बसली होती. तिनं रेडिओचा आवाज बारीक केला.

चौऱ्याऐंशी साली तो कॉलेजला गेला. गाडीनं दोन तासांवर. पहिल्या वर्षी त्याला नुसतं बसवून ठेवला. तू फोनवर विचारायचीस, "पोतं?" तो म्हणायचा, "आज्जी, मी बेंचवर." तू म्हणायचीस, "मग बेंच मोडलं नाहीस ना?" दुसऱ्या वर्षी कुणी दमलं तर ह्याला आत पाठवायचे. तिसऱ्या वर्षी जागा त्याची झाली. त्याची मान एवढी जाड झाली की शरदचा एकही शर्ट त्याला होईना, आणि बोटं सगळी वाकडी. प्रत्येक सुट्टीत एक नवीन बोट वाकडं करून यायचा. तू गरम तेल घेऊन बसायचीस. तुझे बेसनाचे लाडू तो खोकाभर न्यायचा आणि टीममधली ती सगळी रेडे पोरं फोनवर तुला ओरडून सांगायची, "थँक यू, आज्जी!" तू फोन पदरानं पुसून ठेवायचीस, का ते मला कधी कळलं नाही.

दर शनिवारी तिकडं जाणं शरदला जमायचं नाही. मग रेडिओ. बारकं कॉलेज, टीव्हीवर दाखवत नाहीत. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी तू लसूण सोलत बसायचीस, मी तुझ्यासमोर. तीन तास इंग्रजी धो धो वाहायचं आणि आपण दोघं त्यातनं एकच शब्द पकडायला बसलेले. आपलं आडनाव, कदम. तो रेडिओवरचा माणूस "कडॅम" म्हणायचा. "मेला डॅम म्हणतो," म्हणून तू त्याला शिव्या घालायचीस, पण त्याच्या तोंडाकडं कान लावून बसायचीस. नाकाचं नाव कोण घेतो? कितीतरी मॅचला शेवटपर्यंत नाव यायचं नाही. एखाद्या वेळी आलं तर तू उठून माझ्या हातावर साखर ठेवायचीस. नाव आलं एवढं कळायचं. बरं झालं म्हणून आलं का वाईट झालं म्हणून, ते आपल्याला कळायचं नाही.

आणि मग तो शनिवार, तू जायच्या तीन आठवडे आधीचा. नाव आलं. परत आलं. लगेच परत आलं. कडॅम, कडॅम, कडॅम. तू लसणाची ताटली बाजूला सारलीस. "अहो ऐका! आज सगळं त्याचंच चाललंय! पोतं पाडलं असणार, मोठ्ठं!" मग रेडिओतनं टाळ्या यायला लागल्या, सगळं मैदान टाळ्या वाजवतंय असा आवाज. तू पण टाळ्या वाजवल्यास. साखरेचा डबा काढलास. माझ्या हातावर ठेवलीस, स्वतःच्या तोंडात टाकलीस. तेवढ्यात शरद गॅरेजमधनं आत आला आणि दारातच थांबला. तो ऐकत होता. म्हणाला, "आई, टाळ्या नको. तो पडलाय. त्याला धरून बाहेर नेतायत, म्हणून लोक टाळ्या वाजवतायत."

तू दोन्ही हात टेबलाखाली घेतलेस.

त्यानंतर आपण त्या गुडघ्यावरनं किती भांडलो, पण त्या टाळ्यांवरनं मी तुला एक शब्द बोललो नाही. माझं तोंड तुला माहीत आहे. भांडताना जे हाताला लागेल ते मी फेकून मारतो. तुझा भाऊ, तुझं माहेर, तुझ्या भाकरीचा काठ, काही सोडलं नाही. हे मात्र मारलं नाही. तुला ते लक्षात आलं होतं. त्या आठवड्यात माझ्या चहात न मागता आलं पडत होतं.

तरी तू म्हणत राहिलीस, खेळू दे. ह्या शेवटच्या मॅचला वरच्या, पगार देऊन खेळवणाऱ्या टीमचा माणूस बघायला येणार होता. शरद म्हणत होता, एक मॅच चांगली झाली तर पुढं त्याला कुणीतरी घेईल. चार वर्षं काढली, एका मॅचसाठी सोडायचं? तू त्या वरच्या टीमचं काही बोलत नव्हतीस. तू म्हणायचीस, "त्याला हाक कुणी मारली इथं? त्या मैदानानं मारली. ते सुटलं की परत येऊन माझ्या स्वयंपाकघरात बसेल, आणि मी काय जन्माला पुरणार आहे?"

मी काय म्हटलं ते तुला माहीत आहे. मी म्हटलं, "तुला नातवाचं पडलेलं नाही. तुला घराबाहेर पडायचं वेड आहे. मॅच बंद झाल्या की तुझं दार बंद." तू त्याला उत्तर दिलं नाहीस. तू मला उत्तर दिलं नाहीस असं आपल्या संसारात फार कमी वेळा झालं, म्हणून ते माझ्या डोक्यातनं जात नाही. अगं, खरं असलं तर असलं. तेरा वर्षं ह्या बंद घरात काढून एका बाईला आठवड्यातनं एकदा थंडीत बसून गळा फाटेस्तोवर ओरडावंसं वाटलं, तर त्यात काय पाप आहे? पण हे मला त्या वेळी सुचलं नाही. आता सुचतंय, तर ऐकायला तू नाहीस.

मंगळवारी तुला नेलं. टीममधली पोरं आली होती. कोटाची बटणं लागत नव्हती एकाचीही. मागच्या रांगेत दाटीवाटीनं बसली आणि एकदा हात जोडले ते शेवटपर्यंत कुणी सोडले नाहीत, त्यांना वाटलं तसंच धरून ठेवायचे असतात. त्यातला एक, दारातनं तिरका होऊन आत आलेला, माझ्यापुढं उभा राहिला, माझा हात धरला आणि म्हणाला, "आज्जी." पुढं त्याला काही येत नव्हतं. मलाही येत नव्हतं.

गुरुवारी संध्याकाळी अजय हॉलमध्ये सोफ्यावर पडला होता. पाय उशीवर, गुडघ्यावर बर्फाची पिशवी. शरद त्याला समजावत होता, उद्या दुपारी टीमची बस निघणार, सकाळी कोचचा फोन येईल, हो म्हणून टाक, नंतर आयुष्यभर वाटत राहील. शरद वाईट बोलत नव्हता. त्याला लेकाचा अभिमान आहे. ऑफिसात त्याला इतकी वर्षं कुणी नावानं ओळखत नव्हतं, आता सगळे "कडॅमचा बाप" म्हणतात. शेवटी तो वर गेला. मी खुर्चीत बसलो होतो.

अजय म्हणाला, "आबा, आज्जी काय म्हणाली असती?"

मी म्हटलं, "खेळ म्हणाली असती. तुला माहीत आहे."

त्यानं मान हलवली. सोफ्याच्या पाठीकडं तोंड केलं. थोड्या वेळानं म्हणाला, "एव्हरीबडी सेज प्ले. डॅड, कोच, आज्जी."

"मी नाही म्हणत."

"तुझं काउंट होत नाही, आबा. यू हेट फुटबॉल."

"मग तुझा गुडघा काय खेळ आवडणाऱ्यांनीच बघायचा का?"

तो हसला. हसता हसता त्याचा आवाज फाटला. म्हणाला, "मी संडेला येणार होतो. तिला विचारणार होतो, आज्जी, मी थांबू? मी थकला, आबा. दोन वर्षं झाली, मी थकला. पण तिला सांगू नाही शकला. ती म्हणाली असती थांब, तर मी थांबला असता. फक्त तिचं काउंट होतं. आता कोणाला विचारू?"

एवढा मोठा देह, आणि त्याला हलायला जागा नव्हती. तू गेलीस आणि जाताना त्याची किल्ली घेऊन गेलीस. तो ज्या परवानगीसाठी थांबला होता ती देणारं माणूसच उरलं नाही. आणि मी त्याच्यासमोर बसलेला, मला इतकी वर्षं जे हवं होतं ते तो स्वतःच्या तोंडानं म्हणतोय, तरी मला काही करता येईना.

खोटं माझ्या तोंडावर आलं होतं. एवढंच म्हणायचं होतं की आज्जी जाताना मला बोलली, पोराला थांबव. दवाखान्यात तुझ्याजवळ मीच होतो, कोण मला खोटं पाडणार होतं? त्यानं लगेच मानलं असतं आणि रात्रीची झोप लागली असती त्याला. पण तू बोलू शकत नाहीस म्हणून तुझ्या तोंडात माझे शब्द कोंबायचे, हे माझ्याकडनं झालं नाही. उभा जन्म तू मला हरवलंस ते माझ्या तोंडावर हरवलंस. पाठीमागनं एकदा पण नाही.

मी म्हटलं, "अजय, आज्जीला विचारू नको. आज्जी गेली. तिचं जे म्हणणं होतं ते ती घेऊन गेली. मी आहे अजून. मला विचार."

तो माझ्याकडं वळला.

"विचार."

"आबा, मी थांबू?"

"थांब."

एवढंच झालं. तो रडला. तुझ्यासाठी तो मंगळवारी रडला नव्हता, तेव्हा त्यातलं तुझं किती आणि गुडघ्याचं किती हे मी विचारलं नाही. बर्फाची पिशवी खाली पडली ती मी उचलून परत ठेवली.

नंतर म्हणाला, "सोमवारी मी जाऊन कोचला समोर सांगणार. आय ओ हिम दॅट, तेवढं त्यांचं देणं आहे. पण उद्याचा फोन... माझ्या तोंडून येस निघेल, आबा. त्यांचा आवाज ऐकला की निघतं."

मी म्हटलं, "फोन मी घेतो."

"तू?" आता तो खरं हसला. आणि मग त्यानं मला वाक्य शिकवलं. अजय इज नॉट प्लेइंग. माझ्या जिभेला ते "प्लेइंग" काही केल्या बसेना, "प्लेंग" व्हायचं. तो म्हणाला, चालतं. जेवायच्या वेळेपर्यंत मी ते पुटपुटत होतो. शरदला कळलं तेव्हा तो ताट अर्धं टाकून बेसमेंटमध्ये जाऊन बसला. मीना खाली जाऊन आली, माझ्या ताटात भात वाढला आणि म्हणाली, "जेवा, आबा. ते येतील ताळ्यावर."

तर मी जिंकलो. अजय नववीत असल्यापासून चाललेलं भांडण मी जिंकलो, आणि तुला सांगतो, असलं जिंकणं शत्रूला मिळू नये. माझ्याकडं अजून सांगायला कितीतरी मुद्दे आहेत. तुझ्याकडं त्याहून जास्त असतील. तू म्हणशील, त्या पोराला विचारलंत का, वीस वर्षांनी त्याला काय वाटेल? म्हणशील, तुम्ही त्याला वाचवला नाही, तुमची कंबर वाचवली. हे मी माझं मीच बोलतोय, तुझ्या आवाजात. आधी मला एकच बाजू सांभाळायची होती, आता दोन्ही माझ्याच अंगावर आल्यात. खोलीत बसलो की त्या प्लॅस्टिकमुळं खिडकीबाहेरचं नीट दिसत नाही, घराबाहेर जावं तर कुणाबरोबर जाऊ? सांगलीला परत जायचंय का म्हणून शरदनं विचारलं. तिथं मार्केट यार्डात माझ्या ओळखीचं आता एक माणूस नाही, आणि इथं एक होतीस.

शुक्रवारी सकाळी शरद आणि मीना कामावर गेले. अजय वर झोपला होता. मी स्वयंपाकघरात फोनखाली खुर्ची टाकून बसलो. इतक्या वर्षांत तो फोन मी कधी उचललेला नाही. तूच उचलायचीस, "हॅलो, नो इंग्लिश, थँक्यू" एका दमात म्हणून ठेवून द्यायचीस. वाजला तेव्हा मी उभा राहिलो, का कोण जाणे, उभं राहूनच बोलावं असं वाटलं.

तिकडनं एक जाड आवाज आला. मी म्हटलं, "अजय इज नॉट प्लेंग."

तो बोलायला लागला. पुष्कळ बोलला. मला त्यातलं काही कळलं नाही, आणि त्यानं श्वास घेतला तेव्हा मी परत म्हटलं, "अजय इज नॉट प्लेंग." तो परत बोलला, आता जरा हळू. मी तिसऱ्यांदा तेच म्हटलं. आणि मग लहान पोराशी बोलतात तसं एकेक शब्द सुटा करून तो काहीतरी म्हणाला. त्यात "ग्रँडमदर" होतं, आणि "सॉरी" होतं. मी "थँक्यू" म्हटलं. त्यानं फोन ठेवला.

तू असतीस तर तो रिसीव्हर केव्हाच माझ्या हातातनं हिसकावून घेतला असतास. कानाला तसाच धरून मी थोडा वेळ उभा राहिलो, कोणी हिसकावतंय का बघत.